गेम भरायला सांगलीला

मे २०१८. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली. माझ्या मांडीवर आंब्यांची पिशवी आणि शेजारी बसलेल्या लेकाच्या मांडीवर बाजाराची कापडी पिशवी. तिच्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक काळा चपटा डबा. टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा, पोरं ज्याला ‘कन्सोल’ म्हणतात तो. तिकीट देता देता कंडक्टरनं विचारलं, ‘‘काय हाय रं त्यात?’’

‘‘गेम आहे काका. सांगलीला भरायला चाललोय.’’

‘‘भरायला? म्हंजी गिरणीवर दळण न्यावं तसं?’’

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. पण कंडक्टरचं म्हणणं अगदी खरं होतं. आमच्या घरी तो डबा भरत नव्हता, म्हणून तो मांडीवर घेऊन तीन-साडेतीन तासांचा प्रवास करायचा, माझ्या भावाच्या घरी तो भरायचा आणि परत आणायचा. दळणासारखंच.

आता तुम्ही म्हणाल, गेम भरायचा म्हणजे काय? मैत्रिणींनो, मलाही आधी कळत नव्हतं. पण तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आलाच असेल ना? मग आपण बसतो सुप्रभातचे फोटो पुसत. बस्स, तेच दुखणं. फक्त इथं फोटो नव्हते, आणि पैसे मात्र आपले होते.

डबा घरी आला २०१७ च्या दिवाळीत. लेक तेव्हा सातवीत. निम्मे पैसे ह्यांच्या बोनसचे, निम्मे माझे. मी घरी कांदा-लसूण मसाला करते, त्यातले साठवलेले. दुकानदार म्हणाला होता, ‘‘मॅडम, डिस्क घ्या. सीडीसारखी घालायची की झालं, खेळायला सुरुवात.’’ लेकानं क्रिकेटचा गेम निवडला. पहिल्या अंघोळीचं उटणं अंगाला तसंच, आणि हा टीव्हीपुढं. डिस्क घातली. पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली. अर्धा तास झाला, फराळ झाला, पट्टी आपली सरकतेच आहे. मला वाटलं बिघडलं काहीतरी. लेक म्हणाला, ‘‘आई, इन्स्टॉल होतंय. डिस्कवरचं सगळं आतल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायला लागतं.’’

म्हणजे डिस्क विकत आणली तरी घरात जागा हवीच! आणि मग आलं खरं विघ्न. ‘अपडेट : १८ जीबी.’

आमच्याकडं तेव्हा माझ्या मोबाइलचं नेट. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून मोबाइलवरचं नेट सगळीकडंच स्वस्त झालं होतं, आणि रोजच्या मापावर मिळायला लागलं होतं. आमच्या पॅकमध्ये रोज एक जीबी. तो संपला की नेट चालायचं, पण ६४ केबीपीएस, म्हणजे नळाला थेंब थेंब पाणी यावं तसं. लेकानं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. रोजचा सगळा कोटा दिला तर अठरा दिवस. कोटा संपल्यावर नुसत्या थेंबावर ठेवलं तर सव्वीस दिवस, तेही डबा रात्रंदिवस चालू ठेवून. शाळेत गणितात जेमतेम पास होणारा मुलगा, पण हे गणित न चुकता केलं त्यानं!

मी म्हटलं, कर बाबा, दिवाळीची सुट्टी आहे. आणि तिथंच चुकले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत माझा दिवसाचा कोटा डब्यानं खाऊन टाकला, आणि उरलेल्या थेंबालाही तो तोंड लावून बसलेला. पुण्यातल्या एका बाईंनी व्हॉट्सअॅपवर पाच किलो मसाल्याची ऑर्डर टाकली होती. भाऊबीजेला त्यांच्या नणंदा येणार होत्या. मेसेज मला दिसला रात्री. तोपर्यंत त्यांनी दुसरीकडून घेतला होता. पाच किलो म्हणजे माझ्या धंद्यात लहान गोष्ट नव्हे. त्या बाईंनी नंतर पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. हा खर्च दुकानदाराच्या बिलात कुठं लिहिलेला नव्हता.

ह्या गोष्टीचा मी नंतर बराच पाठपुरावा केला. माझा धाकटा भाऊ, सांगलीचा, लहानपणापासून ह्या खेळांचा वेडा. त्याला फोनवर विचारलं, ‘‘अरे, आपल्या लहानपणी नव्हतं हे! तू कॅसेट खुपसायचास आणि लगेच उड्या मारायला सुरुवात.’’ तो म्हणाला, ‘‘ताई, तो अख्खा मारिओ ४० केबीचा होता.’’

चाळीस केबी! मला आधी त्याचं काही वाटलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. हजार केबी म्हणजे साधारण एक एमबी, हजार एमबी म्हणजे एक जीबी, हजार जीबी म्हणजे एक टीबी. शेर, पायली, मण, खंडी असं समज, फक्त प्रत्येक पायरीला हजारपट. १९८५ सालचा तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ज्याच्यापायी आप्पांनी (आमच्या वडिलांनी) ह्याला वेताच्या छडीनं बदडलं होतं, तो सगळाच्या सगळा आज व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एका फोटोपेक्षा लहान. आणि तो कॅसेटमध्येच राहायचा. घरात वेगळी जागा लागायची नाही, नेट तर नव्हतंच. आमच्याकडची कॅसेट बाजारातली स्वस्तातली. वर ‘९९९९ गेम’ छापलेलं आणि आत तेच आठ-दहा फिरून फिरून. पण फसवणूक म्हटली तरी तेवढीच!

पुढं त्यानं प्लेस्टेशन २ घेतला. तिथं गेम डिस्कवर, पण खेळ कुठपर्यंत आला ते लक्षात ठेवायला वेगळं मेमरी कार्ड. ८ एमबीचं. ते वेगळं विकत घ्यायचं. कार्ड भरलं की एखाद्या खेळातली आपली सगळी कमाई पुसायची. भाऊ आणि त्याचा मित्र एका कार्डावरून वर्षभर बोलत नव्हते.

त्यानं सांगितलेली पुढची गोष्ट मात्र मला फार आवडली. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला. त्याचं एक स्वस्त मॉडेल होतं, हार्ड डिस्क नसलेलं. त्याला ६४ एमबीचं छोटं मेमरी युनिट लावायचं. आता ज्यानं स्वस्तातला घेतला त्यालाही नेटवरचे छोटे गेम घेता यायला हवेत. म्हणून कंपनीनं गेम बनवणाऱ्यांना नियमच घातला : डाउनलोड करायचा गेम ५० एमबीच्या आत बसला पाहिजे. २००७ मध्ये ती मर्यादा १५० एमबी केली, मग आणखी वाढवली. निन्टेन्डोच्या ‘वी’ नावाच्या डब्यात तर सगळी मिळून ५१२ एमबी जागा. त्यांनी २००८ मध्ये डाउनलोडचे गेम सुरू केले तेव्हा ४० एमबीची मर्यादा ठेवली. मग बनवणारे बसायचे कापत. हे संगीत छोटं कर, ते चित्र पुन्हा वापर. ‘सुपर मीट बॉय’ नावाचा गेम त्या चाळीस एमबीत काही केल्या बसेना, तेव्हा त्या डब्यावर तो आलाच नाही.

बनवणाऱ्यांना तो जाच वाटत असणार, नक्कीच. पण मला घरातल्या बाईच्या नजरेनं त्यात एक न्याय दिसला. जागा कमी आहे ना? मग ज्यानं वस्तू बनवली त्यानं ती मावेल अशी बनवावी. आता तसली मर्यादा नाही. मर्यादा उठली म्हणजे जागेचा प्रश्न सुटला असं नव्हे. तो त्यांच्या ऑफिसातून उठून आपल्या हॉलमध्ये येऊन बसला. जागा आता आपण विकत घ्यायची, नेट आपण भरायचं, आणि काय पुसायचं ह्यावरून भांडणं आपल्या घरात व्हायची.

भावाच्या घरात ही भांडणं मी २००८ साली पाहिली आहेत. तेव्हा बीएसएनएलचं ब्रॉडबँड नवीन होतं. सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! महिन्याला मोजकेच जीबी मिळायचे, वर गेलं की एमबीला पैसे. पण एका प्लॅनमध्ये पहाटे दोन ते सकाळी आठ केलेलं डाउनलोड हिशेबात धरत नसत. झालं! आमचे बंधुराज रात्री दोनचा गजर लावून उठायचे, कॉम्प्युटरवर डाउनलोड लावायचे आणि झोपायचे. सकाळी पावणेआठला पुन्हा गजर, बंद करायला. माझी भावजय तेव्हा तान्ह्या बाळाची आई. बाळ नुकतं झोपलेलं, आणि गजर! एकदा तिनं ते घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तांदळातूनही वाजलं ते.

तर, एप्रिल २०१८. लेकाच्या वाढदिवसाला मामानं गेम पाठवला. पाठवला म्हणजे काय, तर बारा अक्षरांचा एक कोड. डिस्क नाही, डबी नाही. तो कोड टाकायचा आणि गेम उतरवून घ्यायचा. ४५ जीबी. तोवर आमचं नेट रोज दीड जीबी झालेलं. म्हणजे तीस दिवस, आणि मी मसाल्याच्या हंगामात फोन देणार नाही हे ठणकावून सांगितलेलं. एप्रिल-मे म्हणजे चटणीचे दिवस, घरात मिरच्यांचा ठसका आणि फोनवर ऑर्डरी. लेकाचा चेहरा बघवेना. शेवटी मामाच म्हणाला, ‘‘ताई, सुट्टीला येताय ना? डबाच घेऊन ये. आमच्याकडं केबलवाल्याचं नेट आहे, अनलिमिटेड. संध्याकाळी लावू, झोपेपर्यंत भरेल.’’

अशी ती एसटीची वारी.

सांगलीत माझं माहेर गावभागात. आप्पा तेव्हा होते. ऐंशी पार केलेले, पण बुद्धी तल्लख. उभी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी म्हणून काढलेली. टॉवेलातून डबा निघाला, टीव्हीशेजारी बसला, पट्टी सरकायला लागली, आणि दोन्ही नातवंडं तिच्यापुढं मांडी घालून बसली. आप्पांनी विचारलं, ‘‘हे काय करालाय रे?’’

‘‘आप्पा, साठवतोय. आत जागा आहे त्यात.’’

‘‘किती मावतंय?’’

‘‘पाचशे लिहिलंय. पण मिळतात चारशेच.’’

आप्पा हसले. ‘‘मापात मारतोय म्हण की!’’ दिवाणजीच ते. पण त्यात पूर्ण खोटंही नाही. डब्याची स्वतःची यंत्रणा काही जागा अडवून बसते, म्हणून डब्यावरचा आकडा आणि हाती लागणारी जागा ह्यात फरक पडतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी छापलेलं आहे, आपल्याला वापरायला मिळतात ६६७. त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर ५१२, मिळतात ३६४. घेताना हा आकडा विचारायचा हे मी आता सगळ्यांना सांगते.

साठवणीचा विषय निघाल्यावर आप्पा थांबतात होय! हरिपूरची पेवं सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे. शिडी लावून उतरावं इतकी खोल पेवं. तोंड लिंपून बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि भाव आला की काढायची. उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही पेवं तिची बँक होती. ‘‘साठवण फुकट नसते गं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पेवाचं भाडं असतं, भरणावळ असते, काढणावळ असते. आणि पाण्याची भीती. २००५ ला काय झालं, बघितलंस की.’’ २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. त्यानंतर बहुतेकांनी गोदामांची वाट धरली.

भरणावळ! कंडक्टरच्या दळणापेक्षा हा शब्द नेमका होता.

पाच-साडेपाच तास लागले त्या रात्री. वेळ जावा म्हणून पोरांनी तोवर क्रिकेट लावलं. त्या गेममध्ये आपल्या मनासारखा खेळाडू बनवता येतो. उंची, चेहरा, मिशा सगळं. दोघांनी मिळून आप्पा बनवले. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी (गांधी टोपी मिळाली नाही, साधी पांढरी बसवली) आणि पाठीवर नाव ‘आप्पा’. खऱ्या आप्पांच्या हातात रिमोट दिला. त्यांना बटणं समजेनात. पहिल्या चेंडूला बोल्ड. ‘‘अंपायर बघ कसला आहे!’’ म्हणून पुन्हा मागितला. साताऱ्याला परत येईपर्यंत आठवडाभर रोज संध्याकाळी आप्पा बॅटिंगला. कोणाला बटण दाबायचं ते पोरं सांगायची आणि आप्पा शिव्या घालायचे. शेवटच्या संध्याकाळी ३४ नाबाद. त्यांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला.

त्या वर्षी डिसेंबरात आप्पा गेले. झोपेतच.

लेकानं त्यानंतर तो क्रिकेटचा गेम फारसा खेळला नाही, पण काढलाही नाही. आणि इथं जागेचं संकट. डबा भरत आलेला. २०१८ च्या शेवटी ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नावाचा गेम आला, तो प्लेस्टेशन ४ वर दोन डिस्कमध्ये आणि शंभर जीबीच्या पुढं. चारशेच्या डब्यात असे चार गेम बसले की घर भरलं. वर अपडेट येतं तेव्हा प्लेस्टेशन ४ आधी त्या गेमची नक्कल करतो, म्हणून तेवढ्या वेळेपुरती आणखी तेवढीच मोकळी जागा लागते. घरात पाहुणे आल्यावर गाद्या कुठं घालायच्या, तसली पंचाईत. मी एकदा म्हटलं, ‘‘ते क्रिकेट तू खेळत नाहीस, काढून टाक की.’’ त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुढं बोललेच नाही. नंतर लक्षात आलं. आप्पा होते त्यात.

खरं तर गेम काढला तरी आप्पा गेले नसते. खेळातली कमाई, पोरं ज्याला ‘सेव्ह’ म्हणतात, ती वेगळी ठेवलेली असते. गेम पुसला तरी सेव्ह राहतो, आणि गेम पुन्हा उतरवला की जिथं सोडलं तिथून सुरू. पन्नास जीबीचा गेम पुन्हा मिळतो, डिस्क असेल तर डिस्कवरून, विकत घेतलेला असेल तर नेटवरून. न मिळणारी वस्तू म्हणजे तो सेव्ह, आणि तो असतो काही एमबीचा. चिमूटभर. तो साध्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतो, पाच मिनिटांचं काम, हे आम्हा कोणालाच त्या वेळी माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, कधी डोक्यातच आलं नाही.

२०१९ च्या जुलैअखेर मामा एका लग्नाला साताऱ्याला आला होता. पुन्हा एक मोठं अपडेट अडलेलं. मामाच्या बरोबरच डबा सांगलीला गेला. ‘‘रविवारी भरून ठेवतो, पंधरा ऑगस्टला या आणि घेऊन जा.’’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टचा पहिला आठवडा. साताऱ्यात पाऊस थांबत नव्हता. माहुलीच्या संगमावर पाणी बघायला लोक जात होते. आम्ही कृष्णेच्या वरच्या अंगाला राहणारी माणसं. आमच्याकडचं पाणी, कराडला कोयनेचं पाणी, सगळं खाली सांगलीला. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षाही जास्त. भावाचा फोन आला, ‘‘ताई, वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं आलोय. काळजी करू नकोस.’’ मग फोनच लागेना. एसटी बंद. चार दिवस मी देवापुढं बसून होते. टीव्हीवर ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी. त्या वेळी त्या डब्याची आठवण घरात कोणालाही झाली नाही, माझ्या लेकालाही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. लेक नववीत होता, पण फावडं घेऊन बाप्यासारखा राबला. घरात गुडघाभर चिखल, तो वास अजून नाकात आहे. भावजयीनं कागदपत्रं, पोथ्या, मुलाची पुस्तकं आणि गॅस वाचवला होता. दर वेळी हेच वाचवतात बायका, आणि बरोबरच करतात. डबा शोकेसच्या वरच्या फळीवर होता. पाणी तिथपर्यंत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. लेकानं तो तिरका केला, तर फटीतून गढूळ पाण्याची धार लागली. भाऊ ओशाळला. ‘‘वर न्यायला पाहिजे होता रे. सुचलंच नाही.’’

‘‘असू दे मामा,’’ एवढंच म्हणाला तो. डिस्क मात्र चिखलातून काढून मामीनं साबणाच्या पाण्यात धुतल्या. नंतर मित्राच्या डब्यात घालून बघितल्या तर चालल्या की! गेम सगळे परत मिळाले. आप्पा मिळाले नाहीत. हार्ड डिस्क काढून सांगलीत, मग पुण्यात दाखवली. दोन्हीकडं मान हलवली. रात्री माडीवर आम्ही दोघं झोपलो होतो, तेव्हा अंधारात म्हणाला, ‘‘आई, चौतीसवर होते ना गं?’’

मी ‘हो’ म्हटलं.

त्यानंतर वर्षभर डबा नव्हता, आणि तो मागतही नव्हता. लॉकडाउनमध्ये ह्यांनी कुठूनसा जुना आणला, तसलाच. ह्या वेळी मी आधी हिशेब केला. आमच्याकडंही केबलवाल्याचं नेट घेतलं, कारण शाळा ऑनलाइन, ह्यांचं ऑफिस ऑनलाइन आणि माझ्या ऑर्डरी. बाहेरून लावायची १ टीबीची हार्ड डिस्क घेतली, तेव्हा चार हजारांच्या आसपास. प्लेस्टेशन ४ ला २०१७ पासून अशी साधी यूएसबीची हार्ड डिस्क जोडून त्यावर गेम ठेवता येतात. प्रत्येकाची मात्र अशी सोय नसते. एक्सबॉक्सच्या २०२० च्या डब्यांत त्यांचे नवे गेम खेळायचे, तर जागा वाढवायला खास त्याच्यासाठी बनवलेलं कार्डच लागतं. ते अमेरिकेत आलं तेव्हा १ टीबीला २२० डॉलर, आणि त्यांचा धाकटा डबा ३०० डॉलरला! प्लेस्टेशन ५ मध्ये २०२१ पासून बाजारात मिळणारी ठरावीक प्रकारची एसएसडी बसवता येते. जुनी यूएसबी डिस्क त्याला लावली तर नवे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळताना पुन्हा आत आणायला लागतात. माळ्यावरचा डबा खाली काढल्याशिवाय वापरता येत नाही, तसं.

गेम तर फुगतच चाललेत. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ सगळ्या भागांसकट दोनशे जीबीच्या पुढं गेला. २०२१ मध्ये तर ५०० जीबीच्या प्लेस्टेशन ४ वर त्याचे दोन मोठे गेम सगळ्या सामानासकट मावणं कठीण झालं. आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला, त्याच्या काही गेमच्या डबीत कार्ड असतं, पण कार्डात गेम नसतो. फक्त किल्ली असते. ती लावायची आणि गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. हे मला भाच्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे रिकामी बरणी विकत आणायची आणि लोणचं घरी घालायचं! तो म्हणाला, ‘‘आत्या, लोणच्याचेही पैसे त्यातच घेतलेले असतात.’’ बरं, निदान तेवढं तरी.

तुमच्या घरी पोरानं डबा मागितला असेल, तर डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात किती जागा लागेल ते छापलेलं असतं, ते आधी वाचा. आपण रव्याच्या पुड्यावरची तारीख वाचतो तसं. आणि प्लेस्टेशन ४ असेल तर महिन्यातून एकदा सेव्ह पेनड्राइव्हवर घ्यायला लावा. प्लेस्टेशन ५ च्या स्वतःच्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत, त्यासाठी वर्गणी भरून कंपनीच्या जागेत ठेवावे लागतात. म्हणजे पुन्हा पेवाचं भाडं आलंच.

लॉकडाउनमधल्या त्या डब्यात पहिल्या दिवशी लेकानं क्रिकेटची तीच धुतलेली डिस्क घातली. पट्टी सरकली, अपडेट आलं, रात्रभर चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चटणी कुटून आलेले डबे उतरवत होते, तर हा हॉलमधून ओरडतोय, ‘‘आई, मिशा पांढऱ्या की करड्या?’’

‘‘पांढऱ्या. आणि जरा खाली वळवलेल्या.’’

भाच्यालाही व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. तो म्हणे नाक मोठं कर. मी म्हटलं, नाक बरोबर आहे. आप्पा पुन्हा मैदानात उतरले आणि पहिल्याच चेंडूला बोल्ड झाले. तिघंही एकदम ओरडलो, ‘‘अंपायर बघ कसला आहे!’’

आता लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, डबा पुण्याला त्याच्या खोलीवर. अधूनमधून फोन येतो, जागा संपली, काय काढू? मी म्हणते, तुझं तू बघ. पेनड्राइव्ह मात्र इथं आहे, माझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पिशवीत. दर सुट्टीत आला की नवा सेव्ह घालून ठेवतो. पिशवी वरच्या कप्प्यात असते. पेनड्राइव्हला लावलेल्या चिकटपट्टीवर त्यानं बॉलपेननं लिहिलंय, ‘आप्पा’, आणि खाली ११२ नाबाद. ८ जीबीचा आहे. अजून जवळजवळ सगळा रिकामा.